उसनी दिलेली बराखी

आमच्या घरामागे कांद्याची बराखी होती. बांबूच्या कामट्यांच्या भिंती, वर उसाचं पाचट आणि आत दोन्ही बाजूंना छातीएवढे कांद्याचे ढीग. मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढाच बोळ. मे महिन्यात बाहेर ऊन नुसतं भाजत असायचं, पण त्या बोळात फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडायच्या आणि वाळल्या कांद्याचा गोडसर, उबट वास यायचा. आम्ही भावंडं तिथे लपाछपी खेळायचो. कांद्यावर पाय दिला की वडील बाहेरूनच ओरडायचे, "तंगड्या मोडीन एकेकाच्या!" मोडल्या कधीच नाहीत. उलट दुपारी तिथेच भाकरी आणून द्यायचे. आपल्याला जगात कुणी काही करू शकत नाही, असं मला त्या बोळात पक्कं वाटायचं. अजूनही कुठे तो वास आला की मी थांबते, आणि पन्नाशीची बाई रस्त्यात उभी राहून एकटीच हसते म्हणून लोक बघतात.

हे सगळं कौतुकानं सांगत सुटायची मला खोड आहे. त्या खोडीनंच एकदा घात केला.

मी समुपदेशक आहे. मंचरला बी-बियाण्यांच्या दुकानावर माझी भाड्याची खोली आहे. दुकान मारवाडी शेटजींचं, पण त्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या, मराठी माझ्याहून अस्सल बोलतात. 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक पाहुणे जिना चढून आले आणि पत्रिका जुळवून मिळेल का विचारू लागले. आता लोकांना कळतं. तरी बायका येतात त्या पाठदुखीचं निमित्त सांगूनच येतात.

ती मात्र थेट बोलली. काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता. तिशीची असेल. माहेर तळेघरकडच्या डोंगरात, सासर इकडे बागायतीत. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "मॅडम, मला फकस्त पोरीवर हात उचलायचा न्हाई. तेवढं करा."

मुलगी सात वर्षांची. खेळून आली होती, केसांत कांद्याची टरफलं अडकली होती. ही विंचरत बसली. मुलीनं विचारलं, "आई, तू ल्हानपणी काय खेळायचीस?" आणि हिचा हात उठला. फणीच मारली, कपाळावर खोक पडली. "मारल्यालं मला ठावंच न्हाई," ती म्हणाली. "रगात दिसलं तवा कळलं." मी वहीत लिहिलं : राग, कशानं ते पाहणे. टरफलं मी ऐकली आणि सोडून दिली. आमच्याकडे मे महिन्यात कुणाच्या पोराच्या केसांत टरफलं नसतात?

तिच्या लहानपणी तिच्यावर फार वाईट गुदरलं होतं, एवढं तिनं दुसऱ्याच भेटीत सांगितलं. काय, कुठे, कुणी, ते नाही. मीही ओढून काढलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं की आधी माणसाच्या पायाखाली जमीन द्या, मग खणायला घ्या. त्यासाठी एक साधी रीत असते. डोळे मिटायचे आणि जिथे अगदी निर्धास्त वाटतं अशी एखादी जागा आठवायची. मन उधळलं की तिथे जाऊन बसायचं.

"अशी जागा न्हाई आठवत," ती म्हणाली. मी थांबले. ती पुन्हा म्हणाली, "न्हाईच, मॅडम." इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवेना. माझ्याकडे एवढी सुंदर जागा पडून होती! म्हटलं, काही दिवस माझी घ्या. आणि मी रंगवून सांगू लागले : बराखी, बोळ, पट्ट्यापट्ट्यांचा उजेड, तो वास, बाहेर ऊन आणि आत कुणालाही न दिसणारे आपण.

माझं मलाच इतकं छान वाटत होतं की तिच्याकडे बघायला उशीर झाला. ती खुर्चीवरून खाली उतरली होती. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत मी नव्हते, माझी खोलीही नव्हती. एरवी मी सगळ्यांना अहो-जाहो करते. त्या दिवशी तोंडून "अगं, अगं बाई" एवढंच निघालं. मग धडे आठवले. जवळ न जाता, आवाज न चढवता मी बोलत राहिले : ही मंचरची खोली आहे, खाली शेटजींचं दुकान आहे, हा रस्त्यावरचा ट्रक वाजतोय, तुमचे पाय फरशीवर आहेत, फरशी गार आहे. बऱ्याच वेळानं तिनं फरशीवर हात फिरवला. उठली आणि जिना उतरून गेली. चपला दाराशीच राहिल्या.

पुढचे दोन आठवडे ती आली नाही. मी त्या चपला रोज बघत होते. स्वतःचा इतका संताप मला क्वचितच आला असेल. ज्या गोष्टीवर माझं सगळं लहानपण उभं होतं, तीच मी तिच्या डोक्यात घातली होती. आणि तिच्या घरी ती मुलगी होती, फणी होती. माझ्या चुकीचा मार तिला बसला तर?

तिसऱ्या आठवड्यात ती दारात उभी. "चपला न्यायला आले," म्हणाली. चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि आत येऊन बसली.

मी म्हटलं, "चूक माझी झाली. तुम्ही जागा नाही म्हणालात आणि मी माझी तुमच्या गळ्यात मारली."

"तुमाला काय ठावं व्हतं?" ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. आठ वर्षांची असताना शाळेसाठी तिला कळंबजवळ नात्यातल्या घरी ठेवली होती. त्या घरामागे बराखी होती. तिथे जे झालं ते तिचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. तिची ओळख पटू नये म्हणून तिच्याकडची गावंही बदलली आहेत. बाकीचं लिहा, असं तिनंच सांगितलं आहे.

"ते सरून बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मंग अंग अजून का घाबरतंय?"

जुनी भीती जागी करणाऱ्या अशा खुणेला आमच्या शास्त्रात ट्रिगर म्हणतात. मी तिला आमच्या बैलाची गोष्ट सांगितली. त्याचा पाय एकदा ओढ्याच्या उतारावर घसरला होता. पुढे ओढा कोरडा ठणठणीत पडला तरी तिथे आला की तो थबकायचा. मारून उपयोग नव्हता. वडील गाडीवरून उतरायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि तो आपणहून पाय टाकेपर्यंत थांबायचे.

"म्हंजी मी बैल का?" ती म्हणाली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदा हसली.

मग आम्ही तेच केलं, थांबत थांबत. काय काय तिला तिकडे ओढून नेतं ते तिनं स्वतः शोधलं. रोज चुलीपुढे कांदा चिरताना काही होत नव्हतं. बराखीत साठवून, उकाड्यात उबलेल्या कांद्याचा वास आला की हात गार पडायचे. पट्ट्यांचा उजेडही तसाच, मग तो खिडकीच्या गजांतून का येईना. आणि केसांतली टरफलं. हात गार पडले की फणी खाली ठेवायची, गार पाण्यानं तोंड धुवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ही माझी पोरगी, हे माझं घर. सासूबाईंना वाटलं, सुनेनं कुठला तरी जप घेतलाय. वर्षभरात पोरीला एकदाही मार बसला नाही. पण तिचा प्रश्न तसाच होता. पोरगी दर दोन दिवसांनी विचारायची, तू काय खेळायचीस, आणि हिच्याजवळ सांगायला काही नव्हतं. कळंबच्या त्या घरानं त्याच्या आधीची आठ वर्षंही गिळली होती. मला तेव्हा माझ्या भरल्या लहानपणाची लाज वाटायची.

एका दुपारी ती जिना चढतानाच बोलत आली. "मॅडम, एक सापडलं. चांगलं हाय." भाताच्या खाचरात ती बापाबरोबर खेकडे धरायला जायची. बाप मागे उभा राहून हिचा हात धरायचा. "पाठीकडनं धर म्हनायचा, मंग नांगी लागत न्हाई." सांगताना तिनं हवेत अंगठा आणि बोट असं जुळवलं की मलाही खेकडा दिसला. मग हात तसाच राहिला आणि ती रडू लागली. "त्याच बानं मला यष्टीत घालून कळंबला आणून सोडली. शिकंल म्हनून लई खूश व्हता."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरीला कुठवर सांगू?"

"खेकडा हाती लागेपर्यंत सांगा."

"आन फुडं काय झालं म्हनली तर?"

"म्हणावं, भाजला आणि खाल्ला."

"तसंच झालं व्हतं," ती म्हणाली. "बानं चुलीत भाजला, आन मोठी नांगी मला दिली."