जावयाला पाण्यात पाहिलं

मावशींनी जावयाला पहिल्यांदा पकडलं ते गुडघ्यावरून. तेव्हा तो जावई नव्हता, गिऱ्हाईक होता. धक्क्याजवळच्या गल्लीत मावशींचं शिवणकामाचं दुकान. एक मशीन त्यांचं, समोर एक लेकीचं, मधे इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवरच्या खुंट्यांना लटकलेले काळे रबरी सूट. समुद्राच्या तळाशी मासे बघायला जाणारी हौशी मंडळी हे सूट घालतात. मग ते खडकाला घासतात, फाटतात, आणि ते धड जोडून देणारं मावशींशिवाय कोणी नाही. आधी आतून चिकटवायचं, सुकू द्यायचं, मग वरून चोरटाका घालायचा, तोही अर्ध्याच जाडीतून, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

हा मुलगा लोकांना पाण्याखाली नेऊन आणायचं काम करायचा. एकदा सूट घेऊन आला, डावा गुडघा फाटलेला. आठवड्याने पुन्हा आला, पुन्हा डावाच गुडघा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मावशींनी चष्मा पुसून ती कड नीट निरखली. खडकाने फाटलं की कड कुरतडल्यासारखी होते. ही आपली सरळसोट!

"हे फाटलेलं नाही, कापलंय," मावशी म्हणाल्या. "आणि तुझ्या कात्रीला धार नाही."

मुलगा कानापर्यंत लाल. मागे लेक मान खाली घालून मशीन चालवत होती, घरघर घरघर, आणि मशीनमध्ये कापडच नव्हतं.

तर असं ते जमलं. मावशींनी लग्न लावून दिलं, हौसेने दिलं, पण जावयाला त्या पाण्यात पाहायच्या त्या पाहायच्याच. का? तर तो बोलत नाही. आता मावशींपुढे कोण बोलणार, हा प्रश्न कोणी त्यांना विचारायचा? बाई सकाळी तोंड उघडतात ते रात्री दिवा मालवल्यावर मिटतात, आणि लेक सांगते, झोपेतही गिऱ्हाइकाशी हुज्जत चालू असते. "अगं, हो म्हणतो, नाही म्हणतो, बरं म्हणतो, एवढ्या तीन शब्दांत याने शाळा कशी पास केली?" त्या विचारायच्या. "पोटात काय आहे ते ओठावर येतच नाही. अशा माणसाचा भरवसा काय धरायचा?" आणि मावशींना एखाद्याचा राग आला की त्या त्याला आदराने मारतात. लग्नापासून त्याला कायम 'अहो जावईबापू' आणि 'तुम्ही'. तोही बापडा 'हो आई' म्हणून ताट उचलून ठेवायचा.

मावशी गप्प असतात त्या एकाच वेळी, तोंडात टाचण्या असल्या की. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, मावशी भोवती फिरतायत, ओठांत टाचण्यांची रांग. तेव्हा बोलतात ते हात. बोट गोल फिरवलं की वळा, तळवा दाखवला की हलू नका, आणि अंगठा वर केला की बसलं बरोब्बर, झकास! गल्लीतल्या निम्म्या लोकांना मावशींच्या त्या अंगठ्याशिवाय कपडा अंगावर नीट बसलाय असं वाटतच नाही.

तिघं दुकानावरच्याच दोन खोल्यांत राहायची. आणि एके दिवशी जेवताना लेकीने विषय काढला. बोटीने जायला अख्खा दिवस लागतो इतक्या लांब, भर समुद्रात, प्रवाळांची मोठी रांग आहे. शेजारी चिमुकलं बेट, त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चार खोल्या. तिथे राहून सगळं सांभाळायला माणूस हवाय, आणि जावयाला बोलावलंय. बायकोसकट. कायमचं.

मावशींचा घास हातातच राहिला.

"तू जा म्हणालीस तरच जाऊ," लेक म्हणाली. "मनापासून म्हणालीस तर. तोंडदेखलं नको."

झाली पंचाईत. नाही म्हणावं तर लेकीच्या संसारात खोडा घातला असं होतं, आणि हो म्हणणं तर जिवावर आलेलं. मावशींनी मधली वाट काढली. "मी आधी बघून येते," त्या म्हणाल्या. मनात नकार तयारच होता, फक्त त्याला चार ठळक कारणं हवी होती. दुकान बंद ठेवता येत नव्हतं म्हणून लेक मागे राहिली, आणि पुढच्याच फेरीला सासू-जावई बोटीत बसले. सोबत सहलीला निघालेले एक जाडजूड वकील होते. बोट धक्का सोडते न सोडते तोच त्यांनी हौसेने चढवून पाहिलेल्या रबरी सूटची चेन अडकली. मावशींनी पर्समधून मेणबत्तीचा तुकडा काढून चेनीवर घासला आणि बसल्या जागी ती सरकवून दिली. मग दिवसभर वकील आणि मावशी. त्या दिवशी वकिलांना कळलं की आपलं बोलणं कमी पडतं.

बेटावर उतरल्या उतरल्या मावशींनी तपासणी सुरू केली. दोन खोल्या, वर पत्रा, गॅस, पाण्याची टाकी, एक मोठी खिडकी. भिंती कोरड्या होत्या, याचं त्यांना वाईटच वाटलं. "बाजार कुठे?" "बोटीने येतो." "दवाखाना?" "बोटीने जायचं." "आणि बोट कधी?" "पंधरा दिवसांनी." ही कारणं मावशींनी मनातल्या मनात एकेक करून गाठीला बांधली. संध्याकाळी वाळूत बसून तो सूट धूत होता, तेव्हा त्यांनी शेवटचं विचारलं.

"उद्या माझी पोर म्हणाली, मला नाही राहायचं इथे, मला घरी जायचंय. तर काय कराल?"

"परत आणेन," तो म्हणाला.

"समजूत नाही घालणार?"

"नाही."

"बोलायला काय जातंय!" मावशी म्हणाल्या. खरं तर तो बोलला होता तीनच शब्द, पण तेही त्यांना जास्त वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आई, एकदा खाली येऊन बघा." निघायच्या आधी त्याने डॉक्टरांकडून मावशींची छाती, कान सगळं तपासून घेतलं होतं, म्हणजे याच्या मनात आधीपासून होतंच तर! मावशी आयुष्यभर हे सूट शिवत आल्या, अंगात घातला पहिल्यांदाच. "काखेत ओढतोय," त्या लगेच म्हणाल्या. "कोणी शिवलाय हा? काही अक्कल?" सूट त्यांनीच शिवलेला होता. जावई पाण्याखालच्या खुणा समजावून सांगत होता, वकील शाळकरी पोरासारखे ऐकत होते, आणि मावशी वकिलांची बाही उलटी करून शिवण बघत होत्या.

मग कमरेला वजनं, पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर पाण्यातला मोठा चष्मा, तोंडात नळी. खाली बघवत नव्हतं, पण कबूल कोण करणार? वकिलांची पाळी नंतरची. जावयाने मावशींचा दंड धरला आणि दोघं हळूहळू दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोल पाण्यात उतरली.

आणि काय सांगू! वर नुसतं निळं पाणी, आणि खाली हा बाजार! जांभळं, शेंदरी, हळदी रंगाचं प्रवाळ, कुठे पंख्यासारखं, कुठे फुलकोबीच्या गड्ड्यासारखं. काळ्या अंगाला कडेने पिवळी पायपिन लावलेले मासे. एक मासा तर कोणी उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवला असावा असा, एकही रंग दुसऱ्याशी न जुळणारा, आणि तरी तोऱ्यात चाललेला. मावशींना बोलायचं होतं. बोलता येईना. तोंडात नळी म्हणजे तोंडात टाचण्याच की! हात आपोआप वर आला आणि मावशींनी जावयाला ठणठणीत अंगठा दाखवला.

जावयाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, स्वतः अंगठा वर केला, आणि त्यांना सावकाश वर घेऊन आला.

"आई, काय झालं?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हीच आणलंत ना वर!"

"तुम्ही म्हणालात."

"मी? तोंडात हे बूच असताना?"

"अंगठा म्हणजे..." तो सांगायला लागला, पण मावशींनी नळी तोंडात कोंबलीसुद्धा. चला, वेळ नका घालवू.

दुसऱ्यांदा तेच. एक लांबुळका निळा मासा नाकासमोरून गेला, अंगठा वर, आणि मावशीही वर. या वेळी जावयाने नळी तोंडात जाण्याआधी त्यांचा हातच धरला. "आई, अंगठा म्हणजे मला वर न्या. छान वाटत असेल तर असं." त्याने बोट आणि अंगठा जुळवून गोल केला. "हो हो, कळलं," मावशी म्हणाल्या. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तिसऱ्यांदा कासव आलं. चांगलं परातीएवढं, म्हातारं, डोळ्यांत सगळ्या जगाचा कंटाळा. मावशींच्या अगदी जवळून, कसलीही घाई नसलेलं, पोहत निघालं. सगळं आयुष्य टाचण्या धरून गेलेलं, तिथे पाच मिनिटांची शिकवण काय टिकणार? मावशींचे दोन्ही अंगठे वर गेले. चष्म्याच्या काचेआड जावयाचे डोळे हसताना त्यांना स्वच्छ दिसले. त्याला सगळं कळलं होतं. आणि तरी त्याने अंगठा दाखवला, दंड धरला, आणि कासव सोडून त्यांना वर आणलं.

मावशींचा पारा चढला. पाण्यातून डोकं बाहेर येताच त्यांनी नळी थुंकून टाकली.

"अरे गाढवा! कासव होतं ते! मी खूश आहे हे तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग कशाला आणलंस?"

लाटेबरोबर वरखाली होत त्याने आधी त्यांचा दंड नीट धरला. मग बोलला, आणि मावशींच्या कानावर पडलेलं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं.

"आई, खाली असताना माणूस वर म्हणाला की वर. का म्हणून विचारायचं नाही. मला काय वाटतं ते बघायचं नाही. आज तुम्ही हसत होतात. पण उद्या कोणी खरंच घाबरलेलं असेल आणि मी हसण्यावारी नेलं तर? मी एकदा जरी असं केलं, तरी माझ्याबरोबर खाली यायला कोणी धजणार नाही. आणि धजूही नये."

काल वाळूत विचारलेला प्रश्न त्यांना आठवला. परत आणेन, म्हणाला होता. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून त्याच्यासाठी पहिल्यांदाच 'अरे' निघालं होतं, आणि तेही गाढवासकट, हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघंही दुसरीकडे बघायला लागली. पुन्हा खाली गेली तेव्हा कासव निघून गेलं होतं. ते काय यांच्यासाठी थांबणार होतं? बराच वेळ दोघं तिथे फिरली, मावशी अंगठा मुठीत घट्ट दाबून.

बेटाशी दोन दिवस थांबलेली बोट परत निघाली, तेव्हा मावशी इतक्या गप्प होत्या की वकिलांनी बोट लागली का म्हणून गोळी पुढे केली. मावशींना आतून वेगळंच लागलं होतं. जावयावरचा राग मावळला होता, अगदी निखालस. नाही म्हणायला त्यांना आता कारण उरलं नव्हतं. आणि तरी 'हो' काही मनापासून येईना. बाजार लांब, दवाखाना लांब, बोट पंधरा दिवसांनी. एकेक कारण त्यांनी पुन्हा काढून पाहिलं. सगळी खरी होती, पण त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. वाटेत त्यांनी जावयाच्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. तोही काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मावशींना पहिल्यांदा बरं वाटलं.

घरी पोचल्या तेव्हा लेक मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं. मावशींनी आल्या आल्या माशांचं सांगायला घेतलं, रंगांचं, वकिलांचं, काखेत ओढणाऱ्या सूटचं. चहा झाला, कपडे बदलले, तरी चालूच. लेक ऐकून ऐकून दमली.

"आई, सांग ना. जाऊ आम्ही?"

"जा."

लेक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मावशींचं एका शब्दाचं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं. दारात जावई पिशव्या घेऊन तसाच उभा.

"पण?" तिने विचारलं.

"पण नाही. थांब, आहे. ऐक." मावशी तिच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. "दवाखाना लांब आहे, बाजार नाही, असं सगळं मी तुला सांगणार होते. वाटेत घोकूनसुद्धा ठेवलं होतं. त्यातलं काही नाही. मला तुझ्याशिवाय करमणार नाही. हे मशीन बंद असलं की मी दिवसभर बोलू कोणाशी? मला एकटीला भीती वाटते. म्हणून मी नाही म्हणणार होते, बाकी काही कारण नाही. पण ते माझं कारण झालं, तुझं नव्हे. तू जा."

आणि मावशी रडायला लागल्या. चांगल्या हुंदके देऊन, लहान मुलासारख्या. लेक उठून त्यांना बिलगली. "राहू दे आई, नाही जात आम्ही," ती म्हणायला लागली, तशी मावशींनी तिला दोन्ही हातांनी समोर धरलं आणि डोळे न पुसताच ओरडल्या, "अगं रडत म्हटलं म्हणून काय झालं, जा म्हटलंय ना?"