अक्कांच्या गादीखालची तलवार

आमच्या शेजारचे कमांडर अण्णा घराबाहेर पाऊल टाकण्याआधी बायकोची परवानगी मागत. यात विनोद नव्हता. अक्कांना विस्मरणाचा आजार जडला होता आणि आपला नवरा अजून नौदलात आहे, केव्हाही जहाजावर निघून जाईल, ही धास्ती त्यांच्या मनात ठाण मांडून बसली होती. म्हणून अण्णांची तलवार त्यांनी स्वतःच्या गादीखाली दडवली होती. तलवारीशिवाय अधिकारी जाणार कसा, असा त्यांचा हिशोब.

तलवार तशी निरुपद्रवी. नौदलाच्या तलवारीला धार नसते, ती मिरवायची असते, हे मला अण्णांनीच सांगितलं. सोनेरी मूठ, काळं म्यान. ती कमरेला लावून त्यांनी संचलनं केली, मित्रांच्या लग्नांत नवरानवरीवर तलवारींची कमान धरली आणि एका युद्धनौकेचा ताबा घेतला. पुढची बढती हुकली तसे ते निवृत्त होऊन आमच्या मळमड्डीतल्या घरी आले. इथे अक्कांनी मुलाला एकटीनं वाढवलं होतं. "समुद्रावर महिनोन् महिने पाण्याला कंटाळायचो, बाई. आता मागच्या हौदातलं पाणी बघत बसतो की," ते मला म्हणत.

मी शाळेतून निवृत्त झालेली, तोंडाची फटकळ. बंगळूरला मुलाकडे जा, नर्स ठेवा, असे सल्ले ऐकवी. ते ऐकून घेत. मागे एकदा न सांगता पेन्शनच्या कामाला गेले, तर अक्का त्यांना शोधत अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. तेव्हापासून त्यांची भाजीसुद्धा मीच आणून देई. खंडेनवमीला मात्र तलवार बाहेर निघे. अण्णा तिला तेल लावत, अक्का हळदकुंकू वाहत आणि पूजा आटोपताच ती ताब्यात घेत. एका वर्षी तेलाचा बोळा बाजूला ठेवताना अण्णा हळूच म्हणाले, "कैदेतच आहे मी, बाई. तक्रार कुणाकडे करू?"

तीन वर्षांपूर्वी कारवारहून फोन आला. अण्णांची जुनी नौका सेवेतून निघणार होती आणि शेवटच्या समारंभाला तिचे सगळे जुने कप्तान बोलावले होते. अण्णा आठवडाभर लहान मुलासारखे हुरळून गेले. एकच दिवस, म्हणाले, तिला डोळे भरून बघून येतो. मी अक्कांजवळ बसायचं कबूल केलं. गाडी ठरली.

त्या सकाळी कोट चढवून ते अक्कांपुढे उभे राहिले. न सांगता जायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. आता रडारड होणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. अक्का उठल्या. गादी उचलून त्यांनी तलवार काढली, पदरानं पुसली आणि अण्णांच्या हातात दिली.

"लगू निघा, उशीर नको. बाळ झोपलंय तोवर जावा, उठलं की रडतंय. माझी काळजी करू नका, मला सवय झालीय."

अण्णा तलवार घेऊन खुर्चीत बसले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"बाई, त्याला परत जायला सांगा," ते म्हणाले. "दर वेळी हिनं असंच पाठवलं मला. आणि मी लगेच निघायचो."

मी चिडले. गाडी उभी आहे, त्या स्वतःच जा म्हणताहेत, मी इथे बसलेय, सगळं बोलून घेतलं. ते शांतपणे कोटाची बटणं काढत होते.

पुढल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या आणि अण्णांना मुलगा बंगळूरला घेऊन गेला. ती नौका केव्हाच मोडीत निघाली. मला अण्णांचा राग अजूनही येतो. इतक्या वर्षांत त्या एकाच दिवशी दार उघडं होतं, आणि ते त्यांनी आतून लावून घेतलं.