तार ओळखणाऱ्या अक्का

तांब्याची तार हातात आली की अक्का ती अंगठा आणि बोटामध्ये धरून डोळे मिटायच्या. "बावीस नंबर," म्हणायच्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते मापाने तारेची जाडी तपासायचे. बावीसच निघायचा. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताटातली शेवई चिमटीत धरली आणि शेजारणीला सांगितलं, "ही वीस नंबरनी शे."

चोपड्यात माझ्या घरासमोर या दोघांचं पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. भाऊ मोटार खोलायचे, अक्का आत नवी तार गुंडाळायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. तार जितकी लांब आणि बारीक तितका विजेला विरोध जास्त, हे दरवर्षी फळ्यावर लिहायचो. खरं सांगतो, फळ्याबाहेर ते मी कधी पाहिलं नव्हतं.

एका मे महिन्यात केळीची बाग असलेले नाना जळालेली मोटार घेऊन आले. महिन्यातली दुसरी खेप. पाण्यावाचून बागेची पानं मिटायला लागली होती. भरल्या दुकानात त्यांनी विचारलं, "भाऊ, तू जुनी तार भरस का?"

भाऊंचा चेहरा उतरला. बसलेल्यांपैकी दोघं हळूच उठून गेले. तुम्हाला ठाऊक आहे, तालुक्याच्या गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारभर होते.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "नाना, मोटर कोठे बसाडी?"

"नव्या बोअरवर."

"आन् वीज?"

"जुन्या विहिरीवरून. तार जुनीच शे, पुढे जोड दिधा."

अक्कांनी मोटार पुन्हा भरली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शेतात निघाल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, चला. साक्षीदार लागी."

त्यांनी दोन सारखे दिवे आणले होते. एक विहिरीवरच्या विजेच्या पेटीपाशी लावला, एक बोअरपाशी. मोटार सुरू झाली. पेटीजवळचा दिवा लख्ख होता. बोअरपाशी माझ्यासमोरचा विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. अक्कांनी लगेच मोटार बंद करवली आणि नानांचा हात तारेवर ठेवला. तार कोमट लागत होती.

"लांब आन् बारीक," अक्का म्हणाल्या. "वीज रस्त्यातच दमस. मोटर उपाशीपोटी जोर लावस, मंग जळस."

 दुसऱ्याच दिवशी नानांनी जाड तार टाकली. बाग वाचली. पुढच्या बाजारच्या दिवशी ते मुद्दाम भर गर्दीत दुकानात आले. "चूक मनी व्हती, भाऊ, तुनी नही." भाऊंनी स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. अक्का पाठमोऱ्या बसून तार गुंडाळत होत्या, पण खांदे हसत होते.

काही वर्षांनी भाऊंची नजर कमी झाली आणि दोघं धुळ्याला लेकीकडे कायमचे राहायला निघाले. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो, तर नाना त्यांच्यासाठी केळीचा अख्खा घड घेऊन हजर. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागेल."

अक्कांनी एक फणी तोडून त्याच्या हातात दिली. मग मागच्या बाकांवर वाटू लागल्या. गाडी अमळनेरच्या रस्त्याला लागली तेव्हा खिडकीतून एकेक साल बाहेर पडत होती. मी आणि नाना स्टँडवर उभे राहून हसत होतो, आणि दोघांनाही घरी जावंसं वाटत नव्हतं.