लाल रंगासाठी दोन दिवे

लातूरला नव्या नव्या क्लासेसच्या पाट्या रोज लागत होत्या, त्या दिवसांत मी अशाच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. पाण्यात खोल गेलं की लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, हे दर बॅचला सांगून माझं तोंडपाठ झालं होतं. पण कोकणात नवऱ्याबरोबर स्कूबा शिकले, कॅमेरा घेऊन समुद्रात उतरले आणि घरी व्हिडिओ लावला, तेव्हा मीच चाट पडले. नवऱ्याचा लालभडक पट्टा चक्क राखाडी! माझाच धडा माझ्यासमोर घडला होता. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. तो लाल परत दिसायचा तर पाण्याखाली आता दिवे हवेच.

आम्हाला डायव्हिंग शिकवणाऱ्या सरांनी उन्हाळ्यात दोन प्रकारचे दिवे दिले. "वापरून बघा, एक ठेवा, एक परत करा." एक होता कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, लांब झोताचा. दुसरी होती पसरट उजेडाच्या दिव्यांची जोडी, वाकवता येणाऱ्या दांड्यांवर लावायची. माझं मन झोताच्या दिव्यावर बसलं होतं.

आमच्या गल्लीत लग्नांचं शूटिंग करणारे चाचा होते. सगळी हयात हॅलोजन धरण्यात गेलेली. त्यांनी झोताचा दिवा दुकानाच्या भिंतीवर मारला. मधे पांढरा गोळा, कडेला अंधार.

"मॅडम, हा चोर पकडायचा लाईट हाय. नवरी दाखवायचा न्हाई."

"पण चाचा, पाण्यात लांब जायला नको का उजेड?"

"मग पाण्यातच बघू की! मी येतो."

मुखेडजवळ माझ्या मामाची पायऱ्यांची जुनी विहीर होती, चांगली खोल. कोकणातून आणलेले हवेचे सिलिंडर जीपमध्येच होते. रविवारी आम्ही तिघं निघालो. मामा काठावर कंबरेवर हात ठेवून उभा.

"पाठीला टाक्या बांधून विहिरीत? लई नवल हाय बाई तुमचं!"

आधी झोताचा दिवा. मी आणि नवरा खाली गेलो, दिवा लावला, आणि पाण्यातला गाळाचा कण न् कण पेटून उठला. त्यापलीकडे काहीच दिसेना. वर येऊन चाचांना स्क्रीन दाखवला, तर ते हसायला लागले.

"धुक्यात गाडीचा फुल लाईट मारल्यावर आसंच होतं. दिवा डोक्यावर नको, बाजूला पायजे. दांड्या लांब करा. आन् दिव्यांची तोंडं जराशी बाहेर फिरवा, कडेचा उजेडच पुरे."

दुसऱ्या वेळी जोडी लावून गेलो. भिंत अशी उघडली की मी श्वास घ्यायलाच विसरले! काळा दगड, हिरवं शेवाळ, आणि दोन थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा, विटेसारखा लाल. त्या पट्ट्यात हातभर लांब भेग होती आणि तिच्या तोंडाशी बारीक वाळू नाचत होती. मी हात लावला. गार पाणी बोटांना ढकलत होतं. झरा! मी तोंडातल्या नळीतूनच किंचाळले. बुडबुड्यांचा ढग उठला. नवऱ्याने घाबरून माझा दंड धरला. मी नुसतं बोट दाखवत राहिले.

वर आल्यावर मामाने तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

"भूकंप झाला त्या दिशी हिरीचं पानी तळाला गेलतं. गेली म्हणलं हीर. चार दिवसांनी आपोआप भरली, पन कुठून, ते कुणालाच ठाव न्हवतं." त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हितून येऊन राहिलं व्हय गं, पोरी?"

"हाव मामा, हितूनच."

तो पळतच गेला आणि शेजारच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतघरातली, माणसं घेऊन आला. प्रत्येकाला वाळू नाचताना बघायची होती. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली तरी कुणी हलेना.

झोताचा दिवा परत करायचं मी तिथेच ठरवलं. पण चाचांचं लक्ष आता माझ्या मास्ककडे होतं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले, एका हाताने मामाला घट्ट धरलं आणि मास्क लावून तोंड पाण्यात घातलं. खाली नवऱ्याने दोन्ही दिवे भिंतीवर धरले. चाचा वर आले ते दाढीतून पाणी निथळत, लहान पोरासारखे हसत.

"दिसतंय! मॅडम, लाल दिसतंय!" एवढं म्हणून त्यांनी पुन्हा तोंड बुडवलं.