पूजेतली स्प्रे गन

खंडेनवमीला नानांच्या पूजेतली स्प्रे गन मी उचलली, आणि तिथंच आमचं तुटलं.

आज सकाळी नाना पेंटर गेले. कुंडलच्या एका मित्राचा फोन आला.
मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला. दाढी अर्धी राहिली होती, ती पूर्ण केली.

अजून काहीच वाटत नाहीये.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी कुंडलला नानांच्या शेडमध्ये पडीक असायचो. ते उसाच्या ट्रॉल्या रंगवायचे.

माझ्याकडे एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार होती. स्वस्तातली, पिवळी, पोपडे उडालेली.
कॉलेजातली सुमन एकदा तिच्याकडे बघून म्हणाली, "हिला कावीळ झालीय का रे?"

झालं. गिटार लाल करायची.

दसऱ्याला साखर कारखान्याच्या कॉलनीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. सुमन तिथंच राहायची. ती येणार, मला लाल गिटार वाजवताना बघणार. डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

तारा, वायरी काढल्या. जुना रंग घासायला बसलो तो इतका घासला, की खालचं प्लायवूड दिसायला लागलं.
नाना हसले. "आरं गड्या, गिटार म्हनून खोकं इकलंय तुला!"

पण खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, त्यांनीच भरून दिली. पॉलिश पेपर ओला करून कसा फिरवायचा ते दाखवलं. लाल रंगाचा पहिला हात माझ्याकडून मारून घेतला.

"आता दसरा झाल्याबिगर दुसरा हात न्हाई. हत्यारं पूजेला बसत्यात."
"आवं नाना, दसऱ्यालाच कार्यक्रम हाय!"
"मग हाय तशी वाजीव. पोरगी काय भिंग घिऊन येनार हाय व्हय?"

नवमीला पूजा करून नाना जेवायला घरी गेले. पाटावर ब्रश, लांबी भरायच्या पत्र्या, गन. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडू.
मी कॉम्प्रेसर सुरू केला.

गनवरची हळद ओल्या रंगात पडली. पुसायला गेलो, बोटं उमटली. ते झाकायला अजून रंग मारला, तर ओघळ आले.

वळून बघतो तर नाना दारात.
"दोन दिस थांबला असतास तर काय झालं असतं रं?"

राग स्वतःचाच आला होता. काढला त्यांच्यावर.
"तुमी जन्मभर ट्रॉल्याच रंगवल्या. तुमाला काय कळनार?"

नानांनी माझ्या हातातली गन काढून घेतली.

गन तशीच ठेवली तर आत रंग सुकून जाम होते. नवमीला हत्याराला कधी बोट न लावलेला तो माणूस नव्या धोतरात खाली बसला आणि थिनरनं गन धुवायला लागला.

माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात माझा शर्ट गिटारला चिकटला. सुमन आलीच नव्हती.

नानांकडे परत कधी गेलो नाही. आधी राग होता. नंतर लाज.

नाना, माफी मागायची राहिली. हा शेवटचा नमस्कार तेवढा घ्या.

त्या नवमीला गन धुताना तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जपून ने. रंग वला हाय अजून."

मी गिटार उचलली, बाहेर आलो आणि पत्र्याचं दार आपटून लावलं.