समोरच्याचं वाक्य

"वहिनीचं टेन्शन नको घेऊस रे मंग्या. ती काय बोलणार हाय? राहील सातपाटीला आयजवळ!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बाहेर आमचे हे, म्हणजे मंगेश, हा सल्ला देणारा त्यांचा कंपनीतला मित्र पप्पू आणि एकांकिका बसवणारे सर. ह्यांना एका व्यावसायिक नाटकात काम मिळालं होतं. आठ महिन्यांचा दौरा! नोकरी सोडायची, बोईसरची खोली सोडायची आणि मला सासूबाईंकडे सोडायचं. सगळं ठरत होतं. मी ट्रे घेऊन बाहेर गेले.

"वा वहिनी, आलं घातलंय वाटतं!" पप्पू म्हणाला.

लग्नाला सात महिने झालेत, पण नटाच्या घरातले किस्से सातपाटीच्या सुकत घातलेल्या बोंबलांसारखे. एक ओढावा तर दुसरा तोंडात तोंड अडकवून मागोमाग येतो. ऐकायला कुणी नसतं, म्हणून लिहिते.

* * *

ह्यांचा पहिला सिनेमा लग्नाआधीचा, पण इतक्यांदा ऐकलाय की आता मीही थिएटरात होतेच! भूमिका, तिसरा हवालदार. सासूबाई मासे विकतात. त्यांना सगळे आय म्हणतात, मीही. त्या दिवशी आय पाटी लवकर आवरून अर्धी गल्ली घेऊन सिनेमाला गेली.

पडद्यावर ह्यांची फक्त पाठ आली. तीही जीपमध्ये चढताना.

आय उभी राहिली. "तो बग माजा मंग्या!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तोंड तर दिसलंच नाय!"

"तोंड कशाला पायजे? याच पाठीत धपाटे घातलेत मी!"

* * *

मग एका सिनेमात कोळ्याचं काम निघालं. ह्यांनी रजा टाकली, ऑडिशन दिली. तिथले साहेब म्हणाले, "करता छान, पण तुम्ही कोळी वाटत नाही."

काम मिळालं जिममधून आलेल्या एका गोऱ्यापान मुलाला. आणि त्याला जाळं फेकायला शिकवायला बोलावलं कुणाला? ह्यांनाच!

आयने हातातली सुरी खाली ठेवली. "मंग मी कोन? मडम हाय?"

हे खूप हसले. खोलीवर आल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हापासून पाठीवरून मलाही ओळखू येतं.

* * *

फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी पाठांतर. क्यू द्यायला मी. क्यू म्हणजे समोरच्याचं वाक्य. ते आलं की नटाने आपलं म्हणायचं. सात महिन्यांत मी इन्स्पेक्टर झाले, डॉक्टर झाले, खडूस घरमालक झाले. एकदा तर ह्यांची आईसुद्धा!

पप्पूने विचारलं, "वहिनी, आता कुठला रोल राहिलाय?"

'बायकोचा' हे अगदी ओठांवर आलं होतं. मी चहा गाळला.

* * *

एकदा मी चोरी करताना सापडलेली मोलकरीण होते. "चालती हो माझ्या घरातून!" हे असे गरजले की शेजारची भाभी लाटणं घेऊनच दारात!

"क्या हुआ? मारा क्या?"

"नाही भाभी, नाटक है," हे म्हणाले.

"सब मरद यही बोलता है!"

ह्यांनी संहिता पुढे केली. भाभीला मराठी वाचता येत नाही. शेवटी मीच सांगितलं, खरंच नाटक आहे. भाभी हिरमुसली.

"अच्छा? मैं तो खुश हुई थी, चलो, आज तुम दोनों में कुछ बात तो हुई!"

* * *

दौऱ्याआधी सरांच्या एकांकिकेचा एक शेवटचा प्रयोग होता, पालघरला. रविवारी दुपारी आमच्याच खोलीत तालीम, पप्पूही चहाला हजर. बायकोचं काम करणारी मुलगी पोहोचली नव्हती.

"सूनबाई, तूच दे क्यू," सर म्हणाले.

चला, बायकोचा रोल आला!

नाटकातला नवरा बोटीवर नोकरीला निघतो. बायको म्हणते, "तुम्ही जा. माझी काळजी करू नका." वाक्य मला पाठ होतं. ओट्याशी उभी राहून वीसदा ऐकलं होतं.

ह्यांनी बॅग उचलली. आमचीच, लग्नात घेतलेली. दारापर्यंत गेले, वळले. "येऊ मी?" म्हणाले, आणि क्यूसाठी थांबले.

मी म्हणाले, "मला कुणी विचारलं?"

हे बॅग धरून तसेच उभे. पप्पूचा कप ओठांपाशी. सरांनी चष्मा चढवला, पानं उलटली. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"सूनबाई, हे वाक्य कुठल्या पानावर हाय?"

"अजून लिहिलेलं नाय, सर. लिहून घ्या."