ऋषिपंचमीची भाजी

सप्तर्षींना आणि त्यांच्यासह पूजिल्या जाणाऱ्या अरुंधतीमातेला वंदन करून गेल्या ऋषिपंचमीची आठवण लिहितो.

या व्रतात नांगरल्या जमिनीतले अन्न वर्ज्य. पूजेनंतर दिवस मावळण्याआधी एकदाच जेवायचे, तेही आपोआप उगवलेले. देवभात, म्हणजे पाण्यात आपोआप येणारे रानटी भात, आमच्या तळ्यात आता उगवत नाही; रानभाजीवरच भागते. पत्नीने लग्नापासून हे व्रत मोडलेले नाही. गेल्या वर्षी मात्र ती छातीच्या दुखण्यातून नुकतीच उठली होती. डॉक्टरांनी उपवास नको म्हटले होते. तिने ऐकले नाही.

पूजा आटोपून मी सिहोऱ्याकडच्या तळ्यावर निर्माल्य सोडायला गेलो. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, जुने आंबे आहेत. त्यांच्या खोडांवरचे दगडफुलाचे राखाडी पापुद्रे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्याला मुळे नसतात. हवा आणि पाऊस देतील त्यावरच ते जगते; हवा धुराने मळली की मरते. केवळ वायू भक्षून राहणारे तपस्वी ग्रंथांत वर्णिले आहेत, तसेच ते मला वाटते. त्या दिवशी मी जसजसा उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढणाऱ्या, धूर ओकणाऱ्या मिलच्या दिशेने चालत गेलो, तसतसे पापुद्रे विरळ होत गेले. मिलमागच्या खोडांवर एकही नव्हता. तिथे खाली तरोट्याची रानभाजी माजली होती आणि तिचे शेंडे नुकतेच खुडलेले होते.

सकाळी भाजी आणली होती मुलाने. तो त्याच मिलमध्ये कामाला आहे.

मी घराकडे वळलो. या वयात पाय मनाचे ऐकत नाहीत. पोहोचलो तेव्हा पान वाढलेले होते, घास तिच्या हातात होता.

“थांब!”

“काहून जी? सकाळपासून पोटात काही नाई.”

मी पाहिलेले सांगितले. मुलगा चिडला. “बाबूजी, त्या जागेले नांगर नाई लागला, म्हणून तिथूनच आणली. आता झाडावरच्या बुरशीपायी आईले उपाशी ठेवता का?”

“ती बुरशी नव्हे, हवेची साक्षीदार आहे.”

“मंग तिलेच पुसा, आई जेवन का नाई!”

 दगडफूल हवेविषयी सांगत होते, ताटातल्या भाजीविषयी नव्हे. नुसत्या संशयावरून अशक्त माणसाचा घास अडवायचा का?

पत्नीने घास खाली ठेवला. टोपलीतले न धुतलेले एक पान घेऊन तिने पांढऱ्या पदरावर घासले. काळा पट्टा उमटला.

“मी धुतली होती भाजी,” ती म्हणाली. मग मुलाकडे वळून हळूच विचारले, “पण तुझी छाती कशी धुवू रे?”

तो उठला. गाडीची किल्ली घेऊन आंबागडच्या जंगलाकडे निघून गेला.

ती भिंतीला टेकून बसली. ऊन अंगणातून सरकत गेले. दिवस मावळला असता तर तिने पाण्यावरच रात्र काढली असती, हे मला ठाऊक होते. तिचा हात माझ्या हातात थंड पडत चालला होता. ओठांवरचा जप अधूनमधून तुटत होता.

सूर्य टेकताना गाडी वाजली. पळसाच्या पानांत कुड्याची कोवळी भाजी होती. शेजारी एक गळून पडलेली फांदी, दगडफुलाने झाकलेली.

“पाहा बाबूजी, तुमचा साक्षीदारच आनला.”

ती जेवली. दुसऱ्या सकाळी मुलगा कामावर निघाला, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने त्याच्या नाकातोंडाला दुपट्टा बांधला. त्याने तो सोडला नाही.

वाचकहो, तुमच्या दारच्या झाडांवर हे वायुभक्षी तपस्वी सुखाने नांदोत, आणि तुमच्या घरातल्या थोरामोठ्यांचा, लेकराबाळांचा श्वास निर्मळ राहो.